जुन्या बग-नोंदींचा ढीग कसा उपसावा : लिबरऑफिसच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

लिबरऑफिस या मोफत ऑफिस-सॉफ्टवेअरच्या बगझिलात, म्हणजे त्यातले बग (दोष) नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, एखादा विभाग उघडून नोंदी जुन्यापासून नव्याकडे लावल्या, की २०११ किंवा २०१२ साली कुणीतरी मन लावून लिहिलेल्या आणि मग वर्षानुवर्षे तशाच पडून राहिलेल्या नोंदी समोर येतात. नोंदवणारा कदाचित आता हे सॉफ्टवेअर वापरतही नसेल, त्याने सांगितलेली आवृत्ती कधीच मागे पडलेली असते आणि त्याने दिलेल्या पायऱ्यांतील मेनू आता त्याच नावाने सापडत नाही. नव्या माणसाला अशा वेळी दोन मोह होतात. एक तर इतके भिजत पडलेले घोंगडे आपल्याकडून काय वाळणार म्हणून पान बंद करण्याचा, किंवा ‘एवढी वर्षे झाली, आता हे सुटलेच असेल’ असे गृहीत धरून नोंदच बंद करून टाकण्याचा. यातला दुसरा मोह जास्त नुकसान करतो. फायरफॉक्समध्ये माउसखाली उगवणारी माहितीची छोटी चौकट दुसऱ्या प्रोग्रॅमवर गेल्यानंतरही पडद्यावर तशीच तरंगत राहते, ही तक्रार २००२ साली नोंदली गेली होती आणि तिची दुरुस्ती २०२३ साली झाली. मधल्या काळात कुणी तारखेकडे पाहून ती बंद केली असती, तर बग तसाच राहिला असता, फक्त त्याची नोंद गेली असती. नोंदीच्या वयावरून बगाविषयी काहीही सिद्ध होत नाही. ते आजच्या आवृत्तीवर करून पाहिलेल्या चाचणीवरून होते, आणि ही चाचणी करून ती लिहून ठेवणे एवढेच या कामाचे स्वरूप आहे.

या कामाला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागत नाही. लिबरऑफिसच्या गुणवत्ता-तपासणीच्या गटात स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे, आणि रोज राइटरमध्ये पत्रे व कॅल्कमध्ये हिशेब करणाऱ्या माणसाला जे खटकते ते कोड लिहिणाऱ्याच्या नजरेतून अनेकदा सुटलेले असते. वाचण्याचा धीर आणि नेमके लिहिण्याची सवय मात्र हवी.

सुरुवात करण्यापूर्वीची जुळवाजुळव

लिबरऑफिस चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशन (टीडीएफ) या संस्थेच्या बगझिलावर एक खाते उघडावे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : २०१५ सालाच्या सुरुवातीपर्यंत या नोंदी फ्रीडेस्कटॉप या दुसऱ्या संस्थेच्या बगझिलात होत्या आणि तेथून त्या एकगठ्ठा इकडे आणल्या गेल्या. त्यामुळे जुन्या टिप्पण्यांत बगाच्या क्रमांकामागे ‘एफडीओ’ आणि नव्या टिप्पण्यांत ‘टीडीएफ’ अशी अक्षरे दिसतात. ती पाहून दोन वेगळ्या याद्या असल्याचा समज करून घेऊ नये.

त्यानंतर संगणकावर निदान तीन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. पहिली सध्याची स्थिर आवृत्ती. लिबरऑफिसची मुख्य आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत येते, आणि २०२४ पासून तिचा क्रमांक वर्ष व महिन्यावरून दिला जातो, म्हणजे २४.२ ही फेब्रुवारी २०२४ ची आणि २४.८ ही त्याच वर्षाच्या ऑगस्टची. दुसरी विकासाधीन आवृत्ती, जी ताज्या कोडवरून सतत बांधली जाते आणि स्थिर आवृत्तीला धक्का न लावता वेगळी बसवता येते. तिसरी ३.३.०, म्हणजे जानेवारी २०११ मध्ये आलेली लिबरऑफिसची सर्वांत पहिली आवृत्ती. जुन्या आवृत्त्यांचे भांडार फाउंडेशनने उघडे ठेवले आहे आणि ३.३.० आजही तेथून उतरवून घेता येते. ही तिसरी आवृत्ती कशासाठी, ते पुढे येईल.

प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र वापरकर्ता-प्रोफाइल द्यावे, ही सूचना किरकोळ समजू नये. तुमच्या रोजच्या प्रोफाइलमध्ये वर्षानुवर्षांच्या सेटिंगा, विस्तार आणि साचे साठलेले असतात, आणि एखादा बग तुमच्याकडे दिसतो तो सॉफ्टवेअरमुळे की त्या साठ्यामुळे, हे मग सांगता येत नाही. मदत मेनूतून ‘सेफ मोड’ मध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. काही चमत्कारिक दिसले की प्रथम तेथे जाऊन खात्री करावी आणि मगच नोंदीवर हात ठेवावा.

कोणता ढीग उचलायचा

सर्वांत जुन्या नोंदीपासून सुरुवात करू नये. सर्वांत जुन्या नोंदी बहुधा सर्वांत अवघडही असतात, कारण सोप्या होत्या त्या मधल्या काळात कुणीतरी उचलल्या आहेत. त्याऐवजी आपण स्वतः रोज जे वापरतो तो विभाग निवडावा, त्यात वर्षभरात कुणीही न शिवलेल्या नोंदी शोधाव्यात आणि त्यांतल्या १५-२० नोंदींची यादी करून तो शोध बगझिलात आपल्या नावाने जपून ठेवावा. त्या वीस संपेपर्यंत एकविसावी उघडू नये. मी स्वतः आठवड्याला चार नोंदी हा वेग बऱ्याच उशिरा शोधला. त्याआधी एकाच रविवारी तीस नोंदी उघडून त्यांतल्या एकीचाही धड सोक्षमोक्ष लावता आला नव्हता.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक विभाग जवळजवळ राखीव म्हणावा असा आहे. देवनागरीच्या जोडाक्षरांच्या, फॉन्टच्या, शब्दशोधाच्या आणि शुद्धलेखन-तपासणीच्या तक्रारी युरोपातल्या स्वयंसेवकाला वाचता येतात, परंतु पडद्यावर दिसते ते बरोबर की चूक हे त्याला सांगता येत नाही. अशा नोंदी ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या नावाखाली, म्हणजे ‘सीटीएल’ या आद्याक्षरांनी, सापडतात. त्या बराच काळ पडून राहतात त्यात कुणाच्या उपेक्षेचा भाग थोडा आणि डोळ्यांच्या अभावाचा भाग जास्त आहे.

नोंद वाचण्याची रीत

शीर्षक वाचून लगेच सॉफ्टवेअर उघडू नये. आधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिप्पणीपर्यंत नोंद वाचून काढावी, कारण चौथ्या टिप्पणीत कुणीतरी मूळ तक्रारीपेक्षा वेगळाच बग आणून जोडलेला असतो आणि नवव्या टिप्पणीत मूळ तक्रारदाराने ‘माझा प्रश्न सुटला, पण’ असे लिहून तिसराच विषय काढलेला असतो. वाचताना कागदावर चार गोष्टी उतरवाव्यात : कोणत्या पायऱ्या केल्या, काय घडायला हवे होते, काय घडले, आणि कोणत्या आवृत्तीवर व कोणत्या कार्यप्रणालीवर. यांतली जी गोष्ट सापडणार नाही तीच पुढे विचारायची असते.

नोंदीला जोडलेल्या फायली उतरवून पाहाव्यात. ज्या नोंदीला नमुना फाईल आहे तिची शहानिशा दहा मिनिटांत होते; जिला नाही तिच्यासाठी तासभर घालवूनही तुम्ही घडवलेला बग तक्रारदाराचाच होता की नाही, याची खात्री देता येत नाही.

नोंदीची स्थिती दाखवणाऱ्या शब्दांबद्दलही एक इशारा द्यायला हवा. ‘अनकन्फर्म्ड’ म्हणजे दुसऱ्या कुणी अजून पडताळलेली नाही अशी नोंद, आणि ‘न्यू’ म्हणजे नोंदवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी घडवून पाहिलेली, खरी ठरलेली नोंद. तेव्हा तेरा वर्षांची म्हातारी नोंद ‘न्यू’ म्हणून उभी असेल तर तो कुणाचा विनोद नव्हे. या नावाने बगझिलातल्या बऱ्याच नवख्यांना चकवले आहे.

बग पुन्हा घडवताना

येथेच खरे काम आहे, म्हणून एक नमुना जवळून पाहू. समजा, २०१४ सालची एक नोंद आहे आणि तिच्यात तक्रार अशी की विंडोजवर राइटरमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहिला असता अर्धा र सुटा पडतो आणि त्याखाली हलन्ताचे चिन्ह दिसते. तुम्ही ताजी आवृत्ती उघडता, ‘दुसऱ्या’ टंकता, अक्षर व्यवस्थित दिसते. नोंद बंद करायला हात शिवशिवतो. तो आवरावा.

मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक पडतो, आणि तो फरक दाखवणारा तो छोटा आडवा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, एकापेक्षा अधिक तऱ्हांनी लिहिला जातो. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, ज्याचा युनिकोड क्रमांक ०९३१ आहे, आणि त्यापुढे हलन्त. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. शिवाय टिंबाचा ऱ हा एकच वर्ण म्हणून न येता साधा र आणि वेगळे टिंब अशा जोडीनेही फायलीत आलेला असू शकतो. सगळे नीट चालले तर तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात, परंतु फायलीत ते वेगळे असतात, आणि तुमचा कळफलक यांतला एकच प्रकार लिहितो. तक्रारदाराचा कळफलक दुसरा प्रकार लिहीत असेल, तर तुम्ही त्याचा बग घडवूनच पाहिलेला नाही. तुम्ही दुसराच शब्द लिहून तो बरोबर दिसतो असे जाहीर करणार होतात.

म्हणून तक्रारदाराची फाईल असेल तर तीच उघडावी. नसेल तर तिन्ही प्रकार हाताने लिहून पाहावेत. राइटरमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या, की त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक दिसतो आणि पुन्हा दाबल्या की अक्षर परत येते; फायलीत नेमके काय आहे हे पाहण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

त्यानंतर फॉन्ट. तक्रारदाराने मंगल म्हटले असेल आणि तुम्ही लिनक्सवर लोहित किंवा नोटो वापरून पाहत असाल, तर ती चाचणी अर्धी आहे, कारण जोडाक्षर कसे दिसावे याचे नियम मुख्यतः फॉन्टमध्ये असतात. त्याचबरोबर मजकुराची भाषा पाहावी. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे दिली आहेत तेथे मजकुराला ‘मराठी’ अशी भाषा लावली तरच मराठी वळण दिसते. ‘माझा श चुकीचा दिसतो’ अशी नोंद असेल, तर पहिला प्रश्न मजकुराची भाषा कोणती लावली होती, हाच विचारावा. तसेच राइटर लॅटिन लिपीसाठी एक आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा असे दोन फॉन्ट वेगळे ठेवतो. शैलीत आकार बदलला पण मराठी मजकूर हलला नाही, या तक्रारीचे मूळ अनेकदा तेथे असते.

आता या नमुन्यातला २०१४ हा आकडा कशाला महत्त्वाचा, तेही पाहू. अक्षरे जुळवण्याचे काम लिबरऑफिस पूर्वी विंडोजवर एका इंजिनाकडे, मॅकवर दुसऱ्याकडे आणि लिनक्सवर तिसऱ्याकडे सोपवत असे. फेब्रुवारी २०१७ मधल्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व कार्यप्रणालींवर हार्फबझ हे एकच इंजिन आले. म्हणजे २०१७ पूर्वीच्या विंडोजवरील देवनागरीच्या नोंदी ज्या यंत्रणेविषयी आहेत ती यंत्रणाच आता कामाला नाही, आणि त्यांतल्या पुष्कळ सुटल्या असण्याची शक्यता आहे. पण ती शक्यताच. एकेक नोंद उघडून पाहावीच लागते, कारण काही तक्रारी इंजिनाच्या नसून फॉन्टच्या, छपाईच्या किंवा पीडीएफ तयार करण्याच्या असतात आणि इंजिन बदलल्याने त्यांना काहीच झालेले नसते. आपल्या सॉफ्टवेअरचा असा मोठा बदल कोणत्या साली झाला हे माहीत असणे मात्र फार उपयोगी पडते. त्यावरून कोणत्या नोंदी आधी घ्यायच्या ते ठरवता येते.

निकाल कोणता द्यायचा

बग आजही घडत असेल तर नोंद उघडीच राहील, फक्त तुमची ताजी चाचणी तिच्यात जमा होईल. अशा वेळी नव्या माणसाकडून हमखास होणारी चूक म्हणजे नोंदीतील ‘आवृत्ती’ हा रकाना बदलून तेथे आजची आवृत्ती टाकणे. त्या रकान्यात बग ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीत आढळला ती लिहिलेली असते, आणि ती माहिती पुसली तर मूळ शोधणाऱ्याची वाट बंद होते. आजची आवृत्ती टिप्पणीत लिहावी, रकान्याला हात लावू नये.

बग आता घडत नसेल तर नोंद ‘रिझॉल्व्ड’ करून कारण ‘वर्क्सफॉरमी’ असे द्यावे, ‘फिक्स्ड’ नव्हे. हा फरक पहिल्यांदा शब्दच्छल वाटतो. ‘फिक्स्ड’ याचा येथे अर्थ असा की अमुक एका बदलाने हा बग सुटला हे ठाऊक आहे आणि तो बदल दाखवता येतो. तुम्हाला एवढेच ठाऊक आहे की आज तो दिसत नाही. तो कुणी हेतुपुरस्सर सोडवला, दुसरे काही करताना आपोआप सुटला की तुमच्या संगणकावरच फक्त लपला आहे, हे तुम्हाला ठाऊक नाही. जेवढे माहीत आहे तेवढेच सांगणारा शब्द निवडावा.

माहिती अपुरी असेल तर स्थिती ‘नीडइन्फो’ करावी, पण त्याबरोबर काय हवे ते नेमके विचारावे. ‘कृपया अधिक माहिती द्या’ या वाक्याला आजवर कुणी उपयोगी उत्तर दिल्याचे मी पाहिलेले नाही. ‘ज्या फायलीत हे घडले तिच्यातील एकच ओळ नव्या फायलीत चिकटवून ती जोडता येईल का, आणि मदत मेनूतील माहितीच्या चौकटीतून आवृत्तीचा मजकूर नक्कल करून देता येईल का?’ असे विचारले तर उत्तर येते. एक ओळ मागण्याला आणखी एक कारण आहे. बगझिलाला जोडलेली फाईल सर्वांना दिसते, आणि लोक घाईघाईत पगारपत्रके व रुग्णांचे अहवालही जोडतात. इतर बगांसाठी सगळी अक्षरे शोधा-आणि-बदला वापरून एकाच अक्षराने झाकता येतात, परंतु बग अक्षरांच्या जुळणीचाच असेल तर झाकल्यावर तो उरत नाही. तेथे निरुपद्रवी अशी एक ओळ हाच उपाय.

‘नीडइन्फो’ मध्ये सहा महिने कुणी फिरकले नाही तर प्रकल्पाकडून आठवण जाते, आणि त्यानंतरही उत्तर नसेल तर नोंद ‘इन्सफिशियंटडेटा’ म्हणून बंद होते. तेव्हा ही स्थिती लावणे म्हणजे घड्याळ सुरू करणे आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्या नोंदीत सगळी माहिती आहे पण तुम्हालाच ती कंटाळवाणी वाटते, तिच्यावर हे घड्याळ लावू नये.

दुहेरी नोंदी ओळखण्याचे काम सर्वांत समाधानाचे, आणि सर्वांत घातकही. दोन नोंदींत एकच बग असेल तर जुनी ठेवावी असा नियम नाही. जिच्यात पायऱ्या स्पष्ट आहेत, नमुना फाईल आहे आणि मूळ शोधलेले आहे ती ठेवावी, दुसरी तिला जोडावी. पण ‘दोन्हींत अक्षर तुटते’ एवढ्यावर दोन नोंदी एक करू नयेत. एक पडद्यावर तुटत असेल आणि दुसरी फक्त पीडीएफमध्ये, तर ते दोन बग आहेत. एक सुटल्यावर दुसरीही सुटली असे समजून दोन्ही बंद होतील आणि पीडीएफवाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करील. शंका असेल तर ‘हेही पाहावे’ या रकान्यात क्रमांक घालून थांबावे.

काही नोंदी मुळात बगच नसतात, मागण्या असतात. त्यांचे गांभीर्य बदलून ‘एन्हान्समेंट’ करावे. मागण्यांच्या बाबतीत बाहेरचे एक उदाहरण मला नेहमी आठवते : उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासाठी वापरल्या जाणाऱ्या लाँचपॅड या बग-नोंदणीच्या संकेतस्थळावर क्रमांक १ ची नोंद मार्क शटलवर्थ यांनी २००४ साली केली होती, आणि तिचा मजकूर होता की बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा मोठा आहे. ती त्यांनीच २०१३ साली बंद केली. इतकी खेळकर नोंद प्रकल्पाच्या संस्थापकालाच शोभते. तुमच्या ढिगात अशी एखादी निघाली तर तिच्याशी वाद घालत बसू नये.

बग पहिल्यांदा कधी आला

बग आजही आहे हे ठरले की ३.३.० उघडून त्याच पायऱ्या करून पाहाव्यात. तेथेही तो असेल तर तो लिबरऑफिस ज्यातून निघाले त्या ओपनऑफिसकडून वारशाने आलेला आहे, आणि ‘आवृत्ती’ या रकान्यात त्यासाठी ‘इनहेरिटेड फ्रॉम ओओओ’ असा स्वतंत्र पर्याय आहे. आवृत्तीचा रकाना बदलण्याची मुभा आहे ती याच कामासाठी, म्हणजे मागे नेण्यासाठी. ३.३.० मध्ये तो नसेल तर तो मधल्या काळात शिरलेला आहे. त्याला ‘रिग्रेशन’ हा मुख्यशब्द लावावा. पूर्वी चालणारी गोष्ट बिघडली आहे असे दिसले की विकासकांचे लक्ष लवकर जाते, कारण बिघाड कोणत्या बदलाने झाला ते शोधता येते.

ते शोधण्याची सोय लिबरऑफिसने फार कल्पकतेने केली आहे. बांधून तयार असलेल्या शेकडो आवृत्त्या क्रमाने गिट या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या एका भांडारात ठेवलेल्या असतात. त्यांतली मधली उघडायची, बग आहे का पाहायचे, असेल तर अलीकडचा अर्धा भाग सोडायचा, नसेल तर पलीकडचा, आणि पुन्हा उरलेल्याची मधली उघडायची. हजारभर आवृत्त्यांतून गुन्हेगार बदलापर्यंत पोहोचायला अशा सुमारे दहा चाचण्या पुरतात. या कामाला ‘बिबिसेक्ट’ म्हणतात आणि भांडारे काही गिगाबाइटची असल्याने ते पहिल्याच आठवड्यात करायचे नसते. तोवर ‘बिबिसेक्टरिक्वेस्ट’ हा मुख्यशब्द लावून ठेवला की दुसरा कुणीतरी ते हाती घेतो. तुम्ही स्वतः केलेत आणि बदल सापडला, तर तो करणाऱ्या विकासकाला नोंदीच्या प्रतींच्या (सीसी) यादीत जोडावे आणि एक सभ्य वाक्य लिहावे. आरोपपत्र लिहू नये. त्या बदलाने त्याने कदाचित दुसरे दहा बग सोडवलेले असतात.

टिप्पणी कशी लिहावी

बगझिलातील व्यवहार इंग्रजीत चालतो, तेव्हा टिप्पणी इंग्रजीतच लिहावी लागेल, परंतु देवनागरीचा नमुना देवनागरीतच द्यावा आणि त्यातील वर्णांचे युनिकोड क्रमांक सोबत लिहावेत. मजकूर साधारण असा असावा : ‘विंडोज ११ वर, कोऱ्या प्रोफाइलसह, मंगल फॉन्टमध्ये आणि मजकुराची भाषा मराठी ठेवून पाहिले. टिंबाच्या ऱ ने लिहिलेला शब्द बरोबर दिसतो. झीरो विड्थ जॉइनर वापरून लिहिलेला शब्द पडद्यावर बरोबर, पण पीडीएफमध्ये तुटतो. चित्र आणि फाईल जोडली आहे.’ त्याखाली मदत मेनूतील माहितीच्या चौकटीतून घेतलेला आवृत्तीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवावा; त्यात बांधणीचा क्रमांक, कार्यप्रणाली, चित्रणाची पद्धत आणि भाषेची सेटिंग असते, आणि यांतले काय पुढे उपयोगी पडेल ते आज सांगता येत नाही.

नोंदीचे शीर्षक संदिग्ध असेल तर तेही सुधारावे. ‘मराठी नीट चालत नाही’ या शीर्षकाखालची नोंद शोधात कुणालाच सापडणार नाही. ‘पीडीएफ निर्यातीत झीरो विड्थ जॉइनरने लिहिलेला आडवा र तुटतो’ हे शीर्षक वाचून विकासकाला नोंद उघडण्याआधीच कळते की हे त्याच्या हद्दीतले आहे की नाही.

आपोआप बंद करण्याविषयी

ढीग कमी करण्यासाठी अनेक प्रकल्प यंत्रावर विसंबतात, आणि त्यांच्या रीती माहीत असाव्यात. लाँचपॅडवर ‘अपूर्ण’ ठरवलेली आणि साठ दिवस कुणी न शिवलेली नोंद कालबाह्य ठरवता येते. केडीई या लिनक्सवरील डेस्कटॉपच्या प्रकल्पात माहिती मागितलेल्या नोंदीला पंधरा दिवसांनी आठवण जाते आणि आणखी पंधरा दिवसांनी ती बंद होते. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते आणि तिचा आधार संपला की तिच्या नावावरच्या उघड्या नोंदी एकगठ्ठा मिटतात. या तिन्ही ठिकाणी यंत्र चालते ते काहीतरी ठरल्यानंतर : कुणीतरी माणसाने प्रश्न विचारलेला असतो, किंवा आवृत्तीच संपलेली असते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर मात्र ‘स्टेल’ नावाची जी स्वयंचलित क्रिया सर्रास लावली जाते, ती मूळ सेटिंगवर साठ दिवस हालचाल न झालेल्या कोणत्याही नोंदीला शिळी ठरवते आणि आणखी सात दिवसांनी बंद करते, मग ती नोंद कुणी वाचलेली असो वा नसो. हे मला पटत नाही. तक्रारदाराने आपले काम चोख केले आणि प्रकल्पाने केले नाही, तर त्याची शिक्षा तक्रारदाराच्या नोंदीला का? लिबरऑफिसची रीत याहून समंजस आहे. पडताळलेल्या पण वर्षभर न शिवलेल्या नोंदींवर ताज्या आवृत्तीत पुन्हा पाहण्याची विनंती जाते, आणि उत्तर आले नाही म्हणून नोंद मिटवली जात नाही.

या मताला माझ्या स्वतःच्या चुकीचीही पार्श्वभूमी आहे. एका छोट्या प्रकल्पात मदत करताना मी एका दुपारी पाच वर्षांपेक्षा जुन्या चौदा नोंदी ‘आता लागू नसावे’ असे लिहून बंद केल्या. ‘नसावे’ हा शब्द लिहितानाच थांबायला हवे होते. आठवडाभरात तीन तक्रारदार परत आले. त्यांतल्या एकाने आधीच जोडलेली फाईल आणि आधीच लिहिलेल्या पायऱ्या एका शब्दाचाही राग न दाखवता पुन्हा जोडल्या आणि पुन्हा लिहिल्या. उरलेल्या अकरांचे काय झाले हे पाहण्यासाठी मला त्या सगळ्या एकेक करून उघडाव्या लागल्या, म्हणजे जे काम टाळले होते तेच, वर लाज धरून, करावे लागले. त्यांतल्या आणखी दोन आजही घडत होत्या.

तुम्ही चाचणी करून बंद केलेल्या नोंदीवरही कधी ना कधी तक्रारदार परत येईल आणि माझ्याकडे अजून हे होते म्हणेल. तेव्हा आपलीच चाचणी पुढे करू नये; त्याच्या आवृत्तीचा मजकूर मागावा, त्याची फाईल मागावी आणि पुन्हा करून पाहावे. बग दिसला तर स्थिती ‘रीओपन्ड’ करण्याचा मोह होईल, पण लिबरऑफिसमध्ये ती स्थिती सहसा एखाद्या ठरावीक बदलाने सोडवलेला बग त्या बदलानंतरही राहिला तर वापरतात. नोंद पूर्वी पडताळलेली असेल तर तिला ‘न्यू’ वर आणावे, नसेल तर ‘अनकन्फर्म्ड’ वर, आणि या वेळी कोणत्या फॉन्टने, कोणत्या कळफलकाने व कोणत्या फायलीवर बग दिसला ते खाली लिहावे.